‘स्मृतिचित्रे’ : सोवळे, पाणी आणि उघडे घर

१

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाला मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात जे मानाचे स्थान लाभले आहे, त्याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे वाचकांनी आरंभापासून स्वागत केले. त्यातील निर्मळ विनोद, प्रांजळपणा, घरगुती भाषा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या विक्षिप्त पण उदार स्वभावाचे चित्रण या चार गुणांचा उल्लेख त्याच्या बहुतेक परीक्षणांत आढळतो. हे गुण ग्रंथात आहेतच. तथापि त्यांच्या उल्लेखाने ग्रंथाचे स्वरूप सांगून झाले असे मानणे मात्र योग्य होणार नाही. कारण ही स्तुती एका अडचणीच्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जाते. सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेली एक ब्राह्मण स्त्री ख्रिस्ती होते, आणि आपण ख्रिस्ती कशी झाले हे सांगताना ती ख्रिस्ती तत्त्वज्ञानाविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही, ही या ग्रंथातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. तिचा उलगडा केवळ विनोदाने किंवा साधेपणाने होत नाही.

या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिली शुद्ध वाङ्मयीन म्हणवणारी. तिच्या मते धर्मांतर हा या कथेतील एक प्रसंग आहे. खरा विषय आहे तो पतिपत्नींच्या लोकविलक्षण संसाराचा. दुसरी पद्धत धार्मिक वाचकाची. ती या ग्रंथाकडे साक्ष म्हणून पाहते आणि एक जीव ख्रिस्ताकडे कसा आला याचे प्रमाण त्यात शोधते. पहिलीने श्रद्धा बाजूला ठेवून संसार घेतला, दुसरीने संसार बाजूला ठेवून श्रद्धा घेतली. दोन्ही पद्धतींचे गृहीत एकच आहे : संसार आणि श्रद्धा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्याने हे गृहीतच नाकारले आहे. येथे श्रद्धा स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी, पंगतीत आणि दाराशी आलेल्या अनाथ मुलाच्या अंथरुणापांघरुणाच्या सोयीत घडते. ती अन्यत्र कोठे घडल्याचे लेखिका दाखवीत नाही. ग्रंथाच्या रचनेचे सूत्र येथे शोधले पाहिजे.

२

हे सूत्र स्पष्ट होण्यासाठी तत्पूर्वीच्या दोन आत्मकथनांशी तुलना उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात प्रसिद्ध झालेले बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. पदमनजींचा १८५४ मध्ये बाप्तिस्मा झाला. तेथवरचा त्यांचा प्रवास हा मुख्यतः वाचनाचा, वादाचा आणि शंकासमाधानाचा प्रवास आहे. शाळा, ग्रंथ, मिशनऱ्यांशी झालेल्या चर्चा, मनातील पापाची जाणीव आणि अखेर सत्याचा स्वीकार, असा त्याचा क्रम आहे. ग्रंथाचे शीर्षकच अंधारातून उजेडाकडे जाण्याची कल्पना सुचविते. अशा रचनेत घरची माणसे आणि जातगंगा यांना स्थान मिळते, पण ते बहुधा सत्याच्या वाटेवरील अडथळा म्हणून. धर्म हा येथे प्रथम बुद्धीने जिंकायचा विषय आहे. आचार त्याच्या मागून येतो.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे. लक्ष्मीबाईंप्रमाणेच रमाबाईंनीही मोठ्या पतीच्या निमित्ताने लेखणी हाती घेतली, आणि त्यांच्या कथनालाही घरातील बायकांच्या रोषाची व अबोल्याची पार्श्वभूमी आहे. परंतु रमाबाईंच्या कथनात पतीविषयीचा आदर हा अखेरचा निकष राहतो. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून जे प्रकरण माजले, त्यात न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्यातील चहाने सुधारकांच्या अग्रणीलाही प्रायश्चित्तापर्यंत आणावे, यावरून त्या दशकात खाण्यापिण्याचे निर्बंध किती बळकट होते याची कल्पना येते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. म्हणजे पुण्यातील हे चहाचे वादळ आणि नगरच्या घरात लक्ष्मीबाईंनी वेगळे राखलेले पाणी या एकाच दशकातील घटना आहेत. या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’मधील पाण्याच्या आणि चुलीच्या तपशिलांना किरकोळ घरगुती गमती म्हणता येत नाही. त्या काळी धर्माची सीमा शास्त्रग्रंथांत जितकी होती तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, पाण्याच्या भांड्यापाशी होती.

लक्ष्मीबाईंचे शिक्षण शाळेत झाले नव्हते, म्हणून त्यांनी तत्त्वचर्चा टाळली, असे स्पष्टीकरण कधीकधी दिले जाते. ते पटण्याजोगे नाही. टिळकांनी दहा-अकरा अध्यायांपर्यंत आणून सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे साठांहून अधिक अध्याय रचून ज्या स्त्रीने पूर्णतेस नेले, तिला ख्रिस्ताच्या चरित्राचा आणि उपदेशाचा परिचय नव्हता असे कोण म्हणेल? ते महाकाव्य त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा आत्मकथेत तत्त्वचर्चा नसणे ही उणीव नसून निवड आहे. जे ओवीत सांगावयाचे ते त्यांनी ओवीत सांगितले. आठवणींत मात्र त्यांनी श्रद्धा आचारात कशी उतरली एवढेच नोंदविले.

३

ग्रंथाचा आरंभ या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या घटनेचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण आघात झाला की, त्यांचे सोवळे वेडाच्या सीमेला जाऊन भिडले. बाजारातून येणारा प्रत्येक जिन्नस धुतल्याखेरीज घरात घेतला जात नसे, आणि ज्यांना धुणे म्हणजे नासणे, असे मिठासारखे पदार्थही त्यातून सुटत नसत. लक्ष्मीबाईंनी हे सारे अशा प्रसन्न शैलीत सांगितले आहे की, वाचक हसतो आणि पुढे जातो. परंतु या हास्याच्या तळाशी काय आहे हे पाहण्यासाठी क्षणभर थांबले पाहिजे.

येथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, या सोवळ्याचा उगम शास्त्राज्ञेत दाखविलेला नाही, भयात दाखविलेला आहे. परक्या सत्तेने केलेल्या प्राणघातक शासनापुढे हतबल झालेला गृहस्थ आपल्या ताब्यातील एकुलत्या एका राज्यात, म्हणजे घरात, शुद्धतेचे कठोर शासन सुरू करतो. दुसरी गोष्ट, या शासनाचा पहिला जाच बाहेरच्या कोणाला होत नाही, तो घरातल्या बायकामुलांना होतो. सतत धुणे, सतत भिणे, सतत अपराधी असणे हे त्यांच्या वाट्याला येते. अस्पृश्यतेचे तत्त्व एकदा मान्य केले की ते गावकुसाशी थांबत नाही, ते उंबरा ओलांडून आत येते आणि बापलेकींमध्ये उभे राहते, हे लक्ष्मीबाईंनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखविले आहे. तिसरी गोष्ट, वडिलांविषयी लेखिकेच्या मनात कडवटपणा नाही. ज्या धर्माचा त्याग केला त्या धर्मातील माणसांना काळे रंगविण्याचा मोह धर्मांतरितांच्या कथनात नेहमी असतो. लक्ष्मीबाई त्याला बळी पडत नाहीत. त्या वडिलांना दुष्ट ठरवीत नाहीत, भ्यालेले ठरवितात. या भेदामुळे पुढील सर्व कथन सूडापासून मुक्त राहिले आहे.

याचा परिणाम ग्रंथाच्या एकंदर बांधणीवर झाला आहे. पहिल्या पानांतील घर वस्तूंना आणि माणसांना बाहेर ठेवण्यासाठी आहे. उत्तरार्धातील नगरचे व राहुरीचे घर त्यांना आत घेण्यासाठी आहे. दारही तेच आणि बाईही तीच. बदलली आहे ती दाराची दिशा. ‘स्मृतिचित्रे’मध्ये कथानक नाही, केवळ आठवणींची मालिका आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन घरे समोरासमोर ठेवून पाहावीत.

४

या दोन घरांच्या मध्ये वियोगाची वर्षे आहेत. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे चार-पाच वर्षे लक्ष्मीबाई आपल्या लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असून दुरावलेला, समाजाच्या दृष्टीने ‘बाटलेला’. आणि पत्नी ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत. या काळातील दुःख त्यांनी संयमाने सांगितले आहे. पुढे त्या पतीकडे नगरला आल्या. पण त्याही धर्मांतराच्या इच्छेने आल्या नव्हत्या, संसारासाठी आल्या होत्या. प्रथम त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळेच ठेवले.

या ठिकाणी ग्रंथातील घटनांचा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी प्रथम जातिभेद सोडला आणि नंतर बाप्तिस्मा घेतला. जातिभेद सोडण्यामागची विचारसरणीही त्यांनी नोंदवून ठेवली आहे : जाती ईश्वराने निर्माण केल्या की माणसाने? ईश्वराने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जातींप्रमाणे माणसांच्या जातींतही आकाराचा, जन्ममरणाच्या रीतीचा भेद दिसला असता. तो दिसत नाही. मग हा भेद माणसाचा, आणि माणसाचा असेल तर तो पाळण्याचे कारण नाही. या विचारात ख्रिस्ती शास्त्राचा आधार घेतलेला नाही. हा स्वयंपाक करता करता, मुलाला सांभाळता सांभाळता कोणाही सुज्ञ स्त्रीला सुचावा असा युक्तिवाद आहे, आणि त्याच वेळी तो संतांपासून सुधारकांपर्यंत महाराष्ट्रात अनेकांनी केलेला युक्तिवाद आहे. लक्ष्मीबाईंचे वेगळेपण असे की, त्यांनी निष्कर्ष काढल्यावर पाणी बदलले.

धर्मांतराच्या रूढ कथेत आधी विश्वास, मग संस्कार आणि संस्कारानंतर आचार असा क्रम असतो. येथे तो उलटा झाला आहे : आधी आचार, मग विश्वास, आणि शेवटी संस्कार. १९०० सालचा बाप्तिस्मा हा ग्रंथाचा कळसबिंदू वाटत नाही, याचे कारण हेच होय. जे व्हायचे ते त्यापूर्वी घडून गेलेले असते. दुसऱ्याच्या हातचे पाणी घेताना जी भिंत पडते, तिच्या पलीकडे लक्ष्मीबाईंना ख्रिस्त भेटतो. म्हणून सामाजिक समता हे त्यांच्या श्रद्धेचे फळ आहे असे म्हणण्यापेक्षा ते त्या श्रद्धेचे प्रवेशद्वार आहे असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. बुद्धीने घेतलेला निर्णय सवयीच्या गळी उतरायला वेळ लागतो, आणि हा वेळ लेखिकेने लपविलेला नाही. त्यामुळेच तिच्यावर विश्वास बसतो.

५

नगर आणि राहुरी येथील संसाराचे चित्रण हा ग्रंथाचा सर्वांत वाचनीय भाग आहे. पण तो सर्वांत अधिक गैरसमजुतीने वाचला गेलेला भागही आहे. या घरात पोरकी मुले येतात, मुली येतात, विद्यार्थी येतात, आजारी माणसे येतात. कोणी काही दिवस राहते, कोणी घरचेच होऊन जाते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, याच घराच्या मायेत काही काळ वाढले. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांनी व्हावे अशी त्या घराची अटही नव्हती. प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करण्याचे कामही या घराने अंगावर घेतले. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ या नावाने जी संस्था उभी केली, तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची योजना होती. या कल्पनेचा विचार करताना टिळकांच्या काव्याचा आणि त्यांच्यावरील तुकारामांच्या प्रभावाचा उल्लेख होतो, तो उचितच आहे. पण ती कल्पना कागदावर येण्यापूर्वी काही वर्षे लक्ष्मीबाईंच्या पंगतीत प्रत्यक्षात आली होती, याचा उल्लेख क्वचितच होतो.

ही पंगत कशी चालत होती? हा प्रश्न विचारला की ग्रंथातील विनोदाचे खरे स्वरूप कळू लागते. टिळक हे दानशूर होते. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे व्हावे आणि घरी रिकाम्या हाताने यावे, पूर्वसूचना न देता नवा माणूस घरात आणावा, ही त्यांची रीत. लक्ष्मीबाईंना त्या माणसाच्या जेवणाची, कपड्यांची, आजारपणाची आणि महिनाअखेरीच्या हिशेबाची चिंता वाहावी लागे. ग्रंथातील बहुतेक विनोदी प्रसंग या दोन रीतींच्या संघर्षातून जन्मलेले आहेत. कवी उदार होतो आणि गृहिणी ते औदार्य निभावते. या अंतरावर लेखिका हसते, आणि वाचकालाही हसविते. परंतु तिच्या हसण्यात एक नेमका प्रश्न दडलेला आहे : धर्माने सांगितलेल्या दयेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो?

हा प्रश्न धर्म आणि सामाजिक न्याय यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्यांनी सहसा विचारलेला नाही. सेवेचा गौरव होतो तेव्हा सेवकाचे नाव घेतले जाते. सेवकाच्या घरात चूल पेटती ठेवणाऱ्या हातांचे नाव घेतले जात नाही. लक्ष्मीबाईंनी ही तक्रार तक्रारीच्या स्वरात केलेली नाही. पतीच्या मोठेपणावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, आणि त्या घरात आलेल्या प्रत्येक पोरावर त्यांची मायाही खरी आहे. पण त्यांनी हिशेब लपविलेला नाही. म्हणून ‘स्मृतिचित्रे’मधील विनोदाला केवळ अलंकार समजणे चुकीचे आहे. तो या ग्रंथातील नीतिविचाराचे साधन आहे. दानाच्या क्षणाचे तेज आणि दान निभावण्याच्या वर्षांचे कष्ट या दोहोंना त्याने एका वाक्यात आणून बसविले आहे. पती-पत्नींपैकी श्रेष्ठ श्रद्धा कोणाची, असा निवाडा ग्रंथ करीत नाही. पण एकीवाचून दुसरी टिकली नसती, एवढे तो वाचकाला निःसंशय दाखवितो.

६

एवढे सांगितल्यावर दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. ते टाळून केलेली ग्रंथस्तुती पूर्ण होणार नाही.

पहिला आक्षेप असा : अनाथाला घरात घेणे, भुकेल्याला जेवू घालणे, रोग्याची सेवा करणे ही दया झाली, न्याय नव्हे. न्याय म्हणजे ज्या व्यवस्थेमुळे माणूस अनाथ, भुकेला व अस्पृश्य होतो ती व्यवस्था बदलणे. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा ती दयाच होती असे म्हणता येईल. परंतु १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून त्यांनी ती कृती विचारव्यूहाशी जोडली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला दुष्काळपीडित स्त्रियांसाठी व मुलींसाठी मुक्तिसदन उभारले. तेथेही श्रद्धेने संस्थेचे रूप घेतले, शिक्षणाची आणि उद्योगाची व्यवस्था केली. या तुलनेत लक्ष्मीबाईंचे घर हे घरच राहिले. घराची मर्यादा हीच त्या श्रद्धेची मर्यादा, असे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप याहून अधिक गंभीर आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रयत्नाने जो ख्रिस्ती समाज निर्माण झाला त्यात महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. लक्ष्मीबाई ज्या माणसांत राहिल्या, ज्यांच्या मुलांना त्यांनी वाढविले, त्यांतील अनेक जण या समाजांतले होते. परंतु ग्रंथातील दृष्टी मात्र सर्वत्र लक्ष्मीबाईंची आहे, म्हणजेच सोवळे सोडणाऱ्या व्यक्तीची आहे. ज्याच्यापासून ते सोवळे पाळले गेले, त्याला ही पंगत कशी दिसली असेल, त्याला या घरात पाहुणेपण वाटले की हक्क वाटला, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगू शकत नाही. सोडण्यासाठी जवळ काही असावे लागते. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याच्या धर्मांतराची कथा वेगळी असणार, आणि ती या ग्रंथात शोधणे व्यर्थ होय.

ग्रंथाच्या प्रसिद्धीच्या काळाकडे पाहिले असता हा आक्षेप अधिक टोकदार होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या जन्मगावापासून अगदी जवळ. आणि ‘स्मृतिचित्रे’चे भाग एकामागून एक निघत असताना, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यास आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. महाराष्ट्रात पाणी, मंदिर आणि धर्मांतर या तिन्ही विषयांनी असे उग्र रूप धारण केले असता एका ब्राह्मण धर्मांतरितेच्या पाण्याच्या व पंगतीच्या आठवणींचे वाचकवर्गात कौतुक व्हावे, हा योगायोग साधा नाही. हा वाचकवर्ग बहुतांशी पांढरपेशा होता. महाडच्या पाण्याने तो अस्वस्थ झाला. लक्ष्मीबाईंच्या पाण्याने त्याला हसू आले. ‘निर्मळ विनोद’ या विशेषणाची लोकप्रियता येथे थोडी संशयास्पद वाटू लागते. जो प्रश्न तळ्याकाठी भेडसावतो तो माजघरात गोड वाटतो, आणि गोड वाटला की सुटल्यासारखा भासतो.

मात्र याचा दोष ग्रंथाकडे जात नाही, तो त्याच्या वाचनाकडे जातो. महाडच्या सत्याग्रहात पाणी घेण्याचा हक्क मागितला गेला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये पाणी नाकारण्याचा हक्क सोडून दिला गेला. या दोन कृती सारख्या नाहीत आणि त्यांची किंमतही सारखी नाही. पहिलीत मार खावा लागला, दुसरीत नातलग गमवावे लागले. पण समता प्रत्यक्षात येण्यासाठी दोन्ही घडाव्या लागतात. कायद्याने तळे खुले होते. परंतु एकाच्या हातचे पाणी दुसऱ्याने सहजपणे पिणे हे कायद्याने घडवता येत नाही. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आहे. तरीही माजघरातील पाण्याचा प्रश्न त्या अनुच्छेदाच्या कक्षेत पुरता येत नाही. तो ज्या ठिकाणी सुटायचा, त्या ठिकाणचा वृत्तान्त लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवला आहे. दयेची मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येते की, न्याय जेव्हा घरापर्यंत पोचतो तेव्हा त्याला जे रूप घ्यावे लागते, ते रूप या ग्रंथात दिसते.

७

शेवटी भाषेविषयी थोडे. मिशनरी ग्रंथकारांनी घडविलेली मराठी बराच काळ भाषांतराच्या ओझ्याखाली वावरत होती आणि त्यामुळे ख्रिस्ती वाङ्मय मराठी समाजाच्या मुख्य प्रवाहापासून एका बाजूला पडले. टिळकांनी आपल्या भजनांनी व कीर्तनांनी ही दरी कमी केली. लक्ष्मीबाईंनी ती गद्यात नाहीशी केली. त्यांचे वाक्य आखूड असते, बोलण्यातले असते. म्हणी, नातेसंबंधांची संबोधने, सणवार आणि स्वयंपाकघरातील शब्द त्यात सहज येतात. धर्म बदलल्यावर त्यांनी भाषा बदलली नाही. ही गोष्ट केवळ शैलीची नाही. सोवळ्याने माणसे जशी वेगळी होतात तशी ती वेगळ्या बोलीनेही होतात. जुन्या आप्तांना परकी वाटेल अशी भाषा लक्ष्मीबाईंनी स्वीकारली असती तर एक भिंत पाडून दुसरी बांधल्यासारखे झाले असते. त्यांनी दोन्ही समाजांना समजेल अशा एकाच मराठीत लिहिले. ज्या वडिलांच्या घरात मीठसुद्धा धुतल्यावाचून येत नसे, त्या घराची भाषा त्यांनी न धुता तशीच नव्या घरात नेली.

यावरून ‘स्मृतिचित्रे’च्या मूल्यमापनाविषयी निष्कर्ष असा निघतो की, हा ग्रंथ धर्मनिष्ठेचे समर्थन करीत नाही आणि सामाजिक सुधारणेचा प्रचारही करीत नाही, धर्मनिष्ठा आणि समाजजीवन यांची गाठ ज्या रोजच्या, कंटाळवाण्या, खर्चिक कामांत पडते त्या कामांची तो नोंद करतो. त्याच्या मर्यादा त्याच्या दृष्टिकोनात आहेत आणि त्या स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पंगतीत पलीकडच्या बाजूला बसलेल्याचा वृत्तान्त दुसऱ्यांच्या लेखणीतून यावयाचा होता, आणि स्वातंत्र्योत्तर काळात दलित आत्मकथनांतून तो आला. त्या कथनांबरोबर ‘स्मृतिचित्रे’ वाचली म्हणजे तिच्यातील विनोद पूर्वीइतका निरुपद्रवी वाटत नाही, आणि तिची योग्यताही कमी होत नाही. लक्ष्मीबाईंच्या घराचे दार उघडे होते, हे सर्वांनी सांगितले आहे. ते उघडे ठेवण्यासाठी रोज कोणाला उठावे लागत होते, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. यापुढील अभ्यासकांनी तेथून आरंभ करावा हे उचित.